जादाचं काम

साहेबांनी ओम्नीभोवती एक फेरी मारली,
दिवे लावायला सांगितले, ब्रेक दाबायला सांगितला,
कागदावर कन्नडमध्ये तीन ओळी ओढल्या
आणि कागद वायपरखाली खोचला.
एफ.सी. नापास.

मी कडोलीचा. पणजा इथल्याच मातीत गेला.
पण ती गोल गोल अक्षरं
अजून मला ओळख देत नाहीत.
उद्यमबागेत दस्तगीरनं कागद वाचला,
कानामागची पेन्सिल काढली, परत ठेवली.
"टाकून जा गाडी. शनवारी बगू."

शनिवारी बिल नऊ हजार चारशे.

मी म्हटलं, ओळी तीन आणि कामं नऊ?
तो म्हणाला, ओळी साहेबाच्या, गाडी तुझी.
मी म्हटलं, विचारायचं होतंस.
तो म्हणाला, फोन लावलेला की रे,
तू चोर्ल्याच्या घाटात.
ती बाई म्हणायली, संपर्काच्या भायेर हाय.

आता त्या बाईला साक्षीला कुठून आणू?
घाटात रेंज नसते हे खरं.
त्यानं फोन लावला हे खरं की नाही,
ते त्याला माहीत आणि त्या बाईला.

शेजारच्या लेथवाला इराप्पा मशीन बंद करून आला,
टायरवाला आला, चहाचा पोऱ्या किटली घेऊन तसाच उभा.
आवाज चढला. कुणी कुठल्या भाषेत भांडत होतं
ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.
शिव्या मात्र सगळ्यांना सगळ्या कळत होत्या.

मग मी प्रणोतीला पुढं केलं.
तिसरीतली पोर, दप्तरासकट.
तिनं कागदावर बोट ठेवलं, एकेक अक्षर फोडत वाचलं:
हिंदिन ब्रेक. बल दीप. हॉर्न.
"हिंदिन म्हणजे मागचा, बाबा. बल म्हणजे उजवा."
मी इतके दिवस समजत होतो, बल म्हणजे ताकद.
"ते पण असतं," ती म्हणाली. "पण इथं उजवा."

तीनच. बघा सगळ्यांनी. तीनच.
माझी छाती वीतभर पुढं आली.

दस्तगीर काही बोलला नाही.
आत जाऊन ऑइलचा कापलेला डबा घेऊन आला
आणि बॉनेटवर उपडा केला.
काळे, चिकट, झिजलेले तुकडे.
त्यातला एक उचलून प्रणोतीच्या हातात दिला.
"हलव गे."
तिनं हलवला.
बॉल आपल्या वाटीत लुटुलुटु हलला,
तिच्या पडायला आलेल्या दातासारखा.
तिनं नकळत जीभ दाताला लावली.

"ह्ये पुढच्या चाकाचं," तो म्हणाला.
"साहेबानं स्टेरिंग फिरवून बघितलंय का, विचार तुझ्या बाबाला."

नव्हतं बघितलं.
पण म्हणून काय झालं? मजुरी दोन हजार चारशे?
आणि क्लचची केबल? ती तर दिवाळीत घातलेली.
ती जुनी केबल डब्यात नव्हती.
मी डबा दोनदा चाळला. नव्हती.
तो म्हणाला, भंगारवाल्यानं नेली असंल.
इराप्पा हळूच आपल्या लेथकडं वळला.

सात हजार दिले.
पावती अर्ध्या कागदावर, बेरीज पेन्सिलीनं.

मंगळवारी साहेबांनी पुन्हा एक फेरी मारली,
हॉर्न वाजवून पाहिला, शिक्का मारला.
या खेपेसही स्टेरिंगला हात लावला नाही.

आता रात्री दीडला मार्केट यार्डातून कोबी, ढबू, कोथिंबीर भरतो,
जांबोटी मागं टाकून घाट उतरतो.
पूर्वी वळणावर गाडी मला जरा ओढायची,
मी समजायचो रस्ताच तसा आहे.
आता ती सरळ वळते.
दर वळणाला मला दस्तगीर आठवतो,
आणि लगेच केबल आठवते.

तो तुकडा प्रणोतीनं डॅशबोर्डवर ठेवलाय.
उतारावर खुळखुळतो.
दोन हजार चारशे बाकी आहेत.
तो मागत नाही.
मी देत नाही.